बंद पेटीतलं कुंकू

मला चुका सापडल्या की आनंद होतो. हे वाचून मी कुणाला दुष्ट वाटेन, पण माझं पोटच त्यावर चालतं. लग्नाच्या मांडवात लोक जेवणाचा बेत काय आहे ते बघतात, मी जनरेटरची वायर कुठून ओढलीय ते बघते. आमचे हे म्हणतात, "वैष्णवी, आधी जेवून घे, मग मांडव नापास कर."

दोन हजार पाच सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला निघाले, तेव्हा अशीच खुशीत होते. एसटीच्या तोंडावर झेंडूची माळ होती, दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं आणि माझ्या पिशवीत हेल्मेट, हातमोजे आणि बारीक फट मोजायचा फिलर गेज खुळखुळत होते. आजवर तपासणीला माझ्याबरोबर एक वरिष्ठ साहेब असायचे. या वेळी अहवालावर माझी एकटीची सही होणार होती. गाडी खड्ड्यात आदळली तरी मला हसू येत होतं.

कारखाना मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, नवाकोरा. दुसऱ्या कारखान्यांतलं वापरलेलं सॉल्व्हंट आणायचं, तापवायचं, त्याची वाफ थंड करून पुन्हा शुद्ध माल काढायचा, असं तिथलं काम. हे सॉल्व्हंट पेट्रोलच्या वरताण. शेडमध्ये त्याची वाफ साचली आणि एका बटणात जरी ठिणगी पडली, तर आतल्या माणसाला दारापर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. म्हणून तिथली विजेची सगळी जोडणी वेगळ्या प्रकारची असते, आणि ती बरोबर आहे असं कुणीतरी तपासून लिहून द्यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

खुशीचं आणखी एक कारण म्हणजे त्या कारखान्यात दीपेश होता. माझा मावसभाऊ. आई गेल्यापासून टोकावड्याचं बाईजा मावशीचं घर हेच माझं माहेर, आणि मला भाऊ म्हणाल तर हा एवढाच. लहानपणी मी कैऱ्या चिरत बसले असताना त्याने मला मागून ढकललं आणि माझी अनामिका विळीवर आली. टाके पडले. तेव्हापासून हा गडी माझ्याशी भांडत नाही, उलट माझी पिशवी उचलतो. आता तो याच शेडमध्ये ऑपरेटर म्हणून लागणार होता. प्लान्ट सुरू झाला की नोकरी कायम, आणि नोकरी कायम झाली की मार्गशीर्षात लग्न. मुलीकडच्यांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

तो गेटवरच उभा होता. पिशवी त्याने घेतलीच.

"ताई, आज पास कर गो आमाला. टँकर कालपासून उभा हाय."

"विजेच्या पेट्या बघू दे आधी. तुझ्या तोंडाकडे बघून मी कुणाला पास करत नाही."

गेटवर काडेपेटी, मोबाइल सगळं काढून ठेवायचं होतं. मी माझा मोबाइल ठेवला. शेडच्या भोवती जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला होता. त्या पट्ट्याच्या आत ठिणगीला मज्जाव.

आत गेले तर प्रत्येक मोटारीवर झेंडू. खंडेनवमीला आपल्याकडे विळी-कोयत्यापासून एसटीपर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी इथे पंपांची आणि पॅनेलची झाली होती. हळद-कुंकवाची बोटं जागोजाग. मला याची सवय आहे. दसऱ्यानंतरच्या तपासणीला मी फडकं मोठं नेते.

या शेडमधल्या विजेच्या पेट्यांना फ्लेमप्रूफ म्हणतात. जाड बिडाची पेटी आणि तसंच जाड झाकण, चारी बाजूंनी बोल्ट. तिची गंमत अशी, की ती स्फोट टाळत नाही. वाफ आत शिरली आणि ठिणगी पडली, तर आतल्या आत स्फोट होऊ दे, असं धरूनच ती बनवतात. मात्र झाकणाचा आणि पेटीचा घासून गुळगुळीत केलेला काठ एकमेकांवर इतका घट्ट बसतो, की त्यातून बाहेर येईपर्यंत ज्वाळा थंड होते. त्या काठावर ओरखडा नको, रंग नको, धुळीचा कण नको. कुंकू तर नकोच नको.

कारखान्याचा वायरमन वाल्मिक माझ्याबरोबर होता. मूळचा खर्डीचा, बोलायला कमी. त्याने वीज बंद केली, मी मेन स्विचला माझं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. हातमोजे चढवले आणि पहिली पेटी उघडायला घेतली. ठेकेदाराने पेट्या बंद करून वरून रंग मारला होता, त्यामुळे बोल्टच्या डोक्यांवर रंगाचा अखंड पापुद्रा होता. पाना लावल्यावर तो तडकला. झाकण निघालं.

आतल्या काठावर कुंकवाचा ठिपका होता.

माझं डोकंच फिरलं. "वाल्मिक, पूजा कुणी केली?"

"शकूबायनं, म्याडम. पन भायेरून."

शकू तिथली झाडलोट करायची. ती खराटा टेकवून आली आणि वाकून पेटीत बघू लागली.

"मी भायेरनं बोट लावलं, बाय. आतमधी कशी लावीन? ते झाकान मला उघडता तरी येतं काय?"

तिचं बरोबर होतं. रंग माझ्या डोळ्यांदेखत तडकला होता, म्हणजे पेटी रंगवल्यापासून कुणी उघडलीच नव्हती. ठेकेदाराच्या माणसांचा चावटपणा असेल, असं मी मनाशी ठरवलं. रंग मारायच्या आधी लावलं असणार. फक्त ते कुंकू ओलं होतं. नीट गोल ठिपका, बोटाचा ठसा स्पष्ट, आणि ठशाच्या मधोमध एक बारीक तिरकी रेघ.

मी फडक्याने पुसलं. खाली, बरोबर त्याच जागी, काठाला केसाएवढा ओरखडा होता. उजेड असा तिरका पडला नसता तर माझ्या नजरेतून तो नक्की निसटला असता. पेटी नापास. मी खुशीत वाल्मिकला स्टोअरमधून दुसरी पेटी आणायला सांगितलं.

पुढच्या दोन-तीन पेट्या स्वच्छ होत्या, कुंकू नाही आणि चूकही नाही. मग एका पेटीत पुन्हा ठिपका दिसला. तिथे न वापरलेल्या भोकाला धातूच्या बुचाऐवजी प्लास्टिकचं बूच ठोकून वरून रंग दिला होता. त्यानंतरच्या एकीत ठिपका थेट ग्लँडवर. ग्लँड म्हणजे केबल पेटीत शिरते तिथली घट्ट आवळायची चकती. हात लावला तर ती फिरली.

आता माझं काळीज धडधडायला लागलं. भीतीने नाही. गणिताचं उत्तर समोर दिसायला लागलं की धडधडतं, तसं.

"पुढची पेटी आपण आधी नेहमीच्या पद्धतीने तपासू," मी वाल्मिकला म्हटलं, "आणि मग ठिपका आहे का बघू."

बोल्ट घट्ट होते, फिलर गेज कुठे शिरत नव्हता, केबल हलत नव्हती. माझ्या मते पेटी पास. झाकण काढलं तर आत अर्थिंगच्या टोकावर कुंकू, ओलंच. तार वरवर पक्की दिसत होती, पण वॉशर काढल्यावर खाली रंगाचा थर निघाला. म्हणजे गळती वीज जमिनीत जाणारच नव्हती, अर्थिंग नावापुरतं. मी मोठ्याने हसले. वाल्मिक हसला नाही. तो हात पॅण्टला पुसत दोन पावलं मागे सरकला.

"म्याडम, हे चांगलं नाय."

"का? काम सोपं होतंय की."

"म्हनूनच."

मला त्याचं ऐकायचंच नव्हतं. हा कुणाचा तरी हात होता आणि मला तो पकडायचा होता. ठसा स्पष्ट, वर तिरकी रेघ, याहून चांगला पुरावा काय हवा? मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ओळीत उभं केलं. मॅनेजर सुयोग माझ्याहून तरुण, त्याला हा खेळ वाटला. तोही हसत ओळीत आला. मी हातमोजे न काढताच एकेकाचा हात हातात घेऊन बोटं पाहिली. वाल्मिकच्या बोटांवर जुने चट्टे, शकूच्या बोटांना भेगा, सुयोगच्या बोटांवर शाई. दीपेशने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "मी नाय गो काय केलं, ताई." तिरकी रेघ कुणाच्याच बोटावर नव्हती.

दुपारनंतर दुरुस्त्या उरकल्या. वाल्मिकने ग्लँड आवळली, धातूचं बूच बसवलं, अर्थिंगखालचा रंग खरवडला. मी एकेक पेटी पुन्हा बघत गेले. ग्लँडवरचं कुंकू मी मुद्दाम पुसलं नव्हतं. आता ते नव्हतं. बिड कोरडं होतं, लाल कणसुद्धा नाही. अर्थिंगच्या टोकावरचं, तेही गेलेलं. म्हणजे चूक असेपर्यंत ठिपका, चूक सुधारली की ठिपका नाही. इतकी वर्षं मी यंत्रं घेऊन फिरते, एकाही यंत्राने मला इतकं स्वच्छ उत्तर दिलेलं नाही. मला नाचावंसं वाटत होतं. हे कोण करतंय, हा प्रश्न मी बाजूला ठेवला. खरं सांगायचं तर त्या वेळी तो मला तितकासा महत्त्वाचा वाटला नाही.

ऊन मावळतीला कलंडलं तेव्हा सगळ्या पेट्या स्वच्छ होत्या. मी कुलूप काढलं, शेडच्या दिव्यांचा पांढरा उजेड पडला. गेटवर टँकरवाल्याने हॉर्न दिला. सुयोगने अहवालाचा कागद पुढे केला, मी पेन काढलं. तेवढ्यात दीपेश नवा गणवेश घालून आत आला. छाती पुढे, केस चापून बसवलेले. त्याची आजच पहिली पाळी होती.

त्याच्या कपाळावर कुंकू होतं.

"परवा पूजेला होतास?" मी विचारलं.

"नाय गो. सुट्टी होती, मी टोकावड्यालाच होतो. का?"

"मग कपाळाला कुणी लावलं?"

त्याने बाहीने कपाळ पुसलं आणि बाही बघितली. बाही कोरी होती. कुंकू जागेवर होतं, ओलं, आणि त्याच्या मधोमध एक बारीक तिरकी रेघ होती.

मी पेनाला टोपण लावलं.

"खिशात काय आहे?"

"काय नाय."

मी खिसे उलटे करायला लावले. रुमाल निघाला. बूट काढायला लावले, तळाला खिळा आहे का पाहिला. नव्हता. गणवेशाचं कापड चिमटीत धरून पाहिलं. सुतीच होतं. कमरेचा पट्टा, हातातला दोरा, गळ्यातली माळ सगळं उतरवलं.

ठिपका हलला नाही.

"ताई, काय चाललंय? लोक बघतायत."

"माझ्याबरोबर चल."

मी त्याचा हात धरून पिवळ्या पट्ट्यापाशी नेलं. तो पट्ट्याबाहेर गेला आणि वळला.

कपाळ कोरं होतं.

"आत ये."

तो आत आला. ठिपका होता.

"बाहेर जा."

नव्हता.

"आत."

होता.

माझ्या मागे शकू उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता. तिलाही दिसत होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी घाबरले. दिवसभरात पहिल्यांदा, आणि भरपूर. पण त्या भीतीतही माझं डोकं आपलं गणित मांडत होतं. चूक सापडली आहे, ती काढता येते. चूक म्हणजे पट्ट्याच्या आतला दीपेश. तो बाहेर राहिला की झालं. मी सुयोगला सांगितलं, हा माझा भाऊ आहे, माझ्या सहीवर चालणाऱ्या शेडमध्ये त्याची नेमणूक झाली तर उद्या कुणीही बोट दाखवेल. त्याला स्टोअरला ठेवा, शेडमध्ये नको. सुयोगला हे कारण पटलं, उलट माझा आदर वाटला. त्याने दीपेशच्या जागी जयराम नावाच्या दुसऱ्या ऑपरेटरला पाळीवर घेतलं. जयरामचं कपाळ मी जवळ जाऊन पाहिलं. कोरं होतं. मग सही केली.

दीपेश गेटपर्यंत आला, पण पिशवी त्याने उचलली नाही.

"स्टोअरमधल्या पोऱ्याला कोन पोरगी देनार, ताई? तू माझ्या पोटावर पाय दिलास."

मी पिशवी खांद्याला लावली. काय सांगणार होते? घरी आल्यावर मात्र मी यांना सगळं सांगितलं, हात नाचवत, पाणी न पिता. हे म्हणाले, दिवसभर सॉल्व्हंटच्या वासात होतीस. सॉल्व्हंट अजून टँकरमध्येच होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

प्लान्ट सुरळीत चालला. मी फोन करून विचारत होते, काही घडत नव्हतं. मला वाटलं, जिंकले.

भाऊबीजेला मी टोकावड्याला गेले. दीपेश येतो की नाही, याची धाकधूक होती, पण अंगणात त्याची मोटारसायकल उभी होती आणि तो पायरीवर बसून बूट पुसत होता. राग गेलेला दिसला. मला बघून उठला आणि माझी पिशवी उचलली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"ताई, गुड न्यूज हाय. जयराम सोडून गेला. सुयोगसाहेब बोलले, आता शेडमधी तूच. दुपारची पाळी हाय, टाइम होतोय, लवकर ओवाळ."

मी त्याला परसात नेलं आणि सगळं सांगून टाकलं. पेट्या, ठिपके, त्याचं कपाळ, पिवळा पट्टा. तो शांतपणे ऐकत होता. मग हसला.

"तू इंजिनेर ना गो?"

"दीपेश, आजच्या दिवस जाऊ नकोस."

"आज नाय गेलो तर ते दुसरा मानूस घेतील. तूच तपासलंयस ना सगळं? तुझी सही हाय. मग मी कशाला भिऊ?"

माझी सही होती. एकही चूक शिल्लक नव्हती, मी स्वतः पाहिलं होतं. तो घरात गेला आणि पाटावर बसला. मावशीने मांडलेलं ताट समोर होतं, निरांजन, सुपारी, अक्षता. मावशी स्वयंपाकघरात काहीतरी ठोकत होती. मी अजून वाद घालत होते. तो घड्याळ बघत होता.

"ताई, लाव पटकन."

मी बोलता बोलताच ताटाकडे हात नेला, ताटात पाहिलं नाही. अनामिका त्याच्या कपाळाला टेकवली, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. तो वाकून माझ्या पाया पडला आणि उठला. दारातलं ऊन त्याच्या तोंडावर पडलं.

कुंकू छान गोल उठलं होतं, ओलं.

मधोमध एक बारीक तिरकी रेघ होती.

मी माझं बोट उजेडात धरलं. विळीची ती जुनी खूण. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांची बोटं पाहिली, ही एक सोडून.

बोट कोरडं होतं. त्याला लाल कणसुद्धा लागलेला नव्हता.

बाहेर मोटारसायकल सुरू झाली. मी दाराकडे धावले, तेवढ्यात मावशी आतून आली. तिच्या हातात पितळेची कुयरी होती आणि ती तिचं झाकण बत्त्याने ठोकत होती.

"कवापासनं उघडतेय, पन हे झाकान काय निघत नाय," ती म्हणाली. "दीपेश, थांब रे जरा. कुंकू लावायचं राह्यलंय."